भंगलेल्या देवासमोर

भंगलेल्या मूर्तीला हात जोडावेत का, हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकांतून आलेला नाही. आमचं घर गुरवाचं. साताऱ्याकडच्या एका गावातल्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. पहाटे गाभारा झाडायचा, पिंडीवर पाणी घालायचं, बेल वाहायचा, तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, हातपाय चालत होते तोवर केलं. या बाबतीत त्यांचं मत पक्कं होतं. मूर्ती भंगली की तिची पूजा थांबवायची आणि तिला पाण्यात सोडायचं. देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा एक शिंग आणि कान गेलेला जुना नंदी गावाने नदीच्या डोहात सोडला. अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, शेवटचं फूल वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या नंदीसमोर पाण्याची घागर घेऊन उभे राहिले.

या नियमामागे विचार आहे, तो आधी सांगायला हवा. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी दिला आहे. खराब झालेली लाकडी मूर्ती जाळावी, दगडी पाण्यात सोडावी. देव म्हणजे दगड नव्हे, हे यात गृहीत धरलेलं आहे. प्राणप्रतिष्ठेने देवाला त्या दगडात राहायला बोलावलेलं असतं. जागा राहण्याजोगी उरली नाही, तर मानाने निरोप द्यायचा आणि दुसरी जागा करायची. यात निष्ठुरपणा काही नाही. उलट दगडालाच देव समजून बसू नये, ही काळजी आहे.

अंकोरचं विष्णूचं देऊळ एकदा डोळ्यांनी बघायचं, ही अप्पांची जुनी इच्छा. 2019 च्या जानेवारीत मी त्यांना कंबोडियाला घेऊन गेले. विमान नॉम पेन्हला उतरलं, म्हणून आधी तिथलं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. लाल रंगाची, उतरत्या छपरांची ती इमारत 1920 मध्ये उघडली. आत अकराव्या शतकातला शेषशायी विष्णू होता, कांस्याचा. 1936 मध्ये अंकोरच्या पश्चिम तलावातल्या मंदिराच्या जागी सापडला. मूळची मूर्ती पाच-सहा मीटर लांब असावी. उरलंय ते डोकं, खांदे आणि उजवीकडचे दोन हात. सातव्या शतकातला हरिहरही तिथेच पाहिला. उजव्या अर्ध्या डोक्यावर शंकराच्या जटा, डाव्या अर्ध्यावर विष्णूचा मुकुट. त्याचं डोकं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सला नेलं होतं. 2016 मध्ये ते पॅरिसच्या संग्रहालयातून आणून पुन्हा धडावर बसवलं. आणि कोह केरच्या देवळातले, गदायुद्धाच्या पवित्र्यातले भीम आणि दुर्योधन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, यादवीच्या धामधुमीत, चोरांनी त्यांना घोट्यांपासून तोडून नेलं. पावलं देवळातच जोत्यावर राहिली. त्या पावलांमुळेच पुढे पटलं की अमेरिकेत पोहोचलेली धडं इथलीच. 2014 मध्ये दोघेही मायदेशी परतले.

अप्पा दालनात शिरताना चपला काढायला लागले. मी सांगितलं, इथे चालतं. तरी त्यांनी काढल्याच. हरिहरासमोर मात्र ते बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मी विचारलं, "अप्पा, नमस्कार नाही केलात?"

"भंगलेली आहे गं. डोकं परत बसवलं, पण प्रतिष्ठा कुणी केली?"

तिथल्या काही मूर्तींपुढे मोगऱ्याची फुलं ठेवलेली होती. येणाऱ्यांच्या हाती फुलं देणारी एक बाई बसली होती. अप्पांनी तिच्याकडून फूल घेतलं आणि खिशात ठेवलं.

रात्री मी त्यांच्याशी वाद घातला. आपल्या शिवेवरचा म्हसोबा, बांधावरची सटवाई, या देवांना नाक-डोळे कुठे आहेत? नुसता तांदळा, शेंदूर फासलेला. ज्या दगडाला रूप कधी मिळालंच नाही तो पूजेला चालतो. रूप मिळून गेलं तो का चालू नये? आणि पंढरीच्या विठोबाच्या मूर्तीची झीज होते म्हणून वज्रलेप करतात. मूर्तीच बदला, असं कुठल्याही वारकऱ्याच्या मनात येत नाही. अप्पा शांतपणे म्हणाले, "तांदळ्याला रोज तेल-शेंदूर चढतो. विठोबापुढे रोज काकडा होतो. या संग्रहालयातल्यांना कोण आंघोळ घालतं?"

म्हणजे त्यांच्या लेखी आकार हा मुद्दा नव्हताच. नित्य पूजा हा होता. देव आहे की नाही हे दगडाकडे बघून नव्हे, तर त्याच्याकडे रोज येणाऱ्याकडे बघून ठरवायचं. आयुष्यभर पहाटे उठलेल्या माणसाचं हे उत्तर होतं आणि मला ते शास्त्रापेक्षा खोल वाटलं. पण अंकोरला तेही पुरं पडलं नाही.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे देऊळ विष्णूसाठी बांधलं. सभोवती जवळजवळ 190 मीटर रुंदीचा खंदक, मधलं शिखर 65 मीटर उंच. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, पश्चिमेच्या ओवरीत एका बाजूला कुरुक्षेत्र, दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. भिंतीपाशी भारतातून आलेल्या मंडळींचा एक गट होता. "हे सगळं आपलंच होतं," असं त्यांच्यातलं कुणीतरी अभिमानाने म्हणत होतं. अप्पांनी मान हलवली नाही. ते ओवऱ्या पाहून परत पश्चिमेच्या महाद्वारात आले, कारण जाता जाता तिथे त्यांना उदबत्तीचा वास आला होता.

त्या द्वारात आठ हातांचा उंच विष्णू उभा आहे. अंगभर दुरुस्तीच्या खुणा, वर भगवं-पिवळं वस्त्र. ख्मेर लोक त्याला ता रीच म्हणतात आणि या जागेचा रक्षणकर्ता मानतात. त्या समाजात शतकानुशतकं बौद्ध धर्म आहे. विष्णूच्या या देवळात बुद्धाच्या मूर्ती आहेत, भिक्षू आहेत. एक म्हातारी बाई गुडघ्यांवर बसून कमळाची कळी वाहत होती. अप्पांनी आमच्या वाटाड्याला विचारायला लावलं, "रोज करतात का हे?" उत्तर आलं, रोज कुणी ना कुणी येतंच. नवस बोलायला येतात, लग्नाआधी येतात, काम झाल्यावर येतात.

मग वाटाड्या आपणहून बोलला. 1975 ते 1979 ख्मेर रूज राजवटीत धर्मालाच बंदी होती. भिक्षूंची चीवरं उतरवली, कितीतरी विहारांची कोठारं आणि तुरुंग केले. त्या चार वर्षांत 15 ते 20 लाख माणसं मेली. त्याच्या आजोळचं कुणी उरलं नाही. उघडपणे उदबत्ती लावायची सोय नव्हती. "तेव्हा पूजा थांबली होती," तो म्हणाला. "मग जे उरले ते परत आले."

अप्पांनी सँडल काढली, त्या म्हातारीशेजारी बसले आणि कालचं सुकलेलं मोगऱ्याचं फूल खिशातून काढून ता रीचच्या पायाशी ठेवलं.

त्यांच्या कसोट्या मी तिथे एकेक करून मोजल्या. आकार अखंड हवा, तर तो इथे नाही. प्रतिष्ठेचा विधी टिकायला हवा, तर ज्या मंत्रांनी हा विष्णू बसवला ते म्हणणारं इथे कुणी नाही आणि नावही बदललं आहे. पूजेत खंड पडू नये, तर तोही पडला, इतका भयंकर की पूजा करणारेच मारले गेले. तरीही अप्पा बसले. माझी अशी खात्री झाली की पावित्र्य दगडाच्या धडपणात नसतं आणि अखंड परंपरेच्या दाखल्यातही नसतं. सगळं मोडल्यावर परत येऊन समोर बसणाऱ्या माणसात ते असतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय, माणसाच्या मनात आलं की कुठलाही धोंडा देव? तसं नाही. त्या म्हातारीने ता रीचला मनाने शोधून काढलं नव्हतं. तिच्या आईने, आजीने तो तिच्या हाती दिला होता, आणि तो जपायला त्यांना मोल द्यावं लागलं होतं. लहरीला वारसा नसतो आणि मोलही पडत नाही. श्रद्धेला दोन्ही असतात. म्हणून "हे आपलं होतं" हे वाक्य मला त्या देवळात कोतं वाटलं. कोरीव काम ओळखणं हे ज्ञान आहे, चांगलंच आहे. पण ज्यांनी आठशे वर्षं झाडलोट केली, मोडलेले हात जोडले, वस्त्र नेसवलं, देव त्यांचा आहे. आपण तिथे पाहुणे आहोत आणि पाहुण्याने नमस्कार करून बाजूला व्हावं.

भंगलेली मूर्ती विसर्जित करावी हा नियम मी आजही चूक मानत नाही. देव दगडात अडकलेला नाही, हे तो सांगतो. ख्मेर रीत दुसरं सांगते, की देवाने जिथे वस्ती केली त्या जागेशी माणसाचं देणं मूर्ती मोडल्यावर संपत नाही. ही दोन सत्यं एकमेकांना खोडत नाहीत. पण आज आपल्या गावांना दुसऱ्याची गरज जास्त आहे. जागोजाग जीर्णोद्धार निघालेत. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर टाईल्स आणि ऑइलपेंट चढतो. झिजलेल्या देवी, अर्धे गणपती, वीरगळ, सतीशिळा पिंपळाखाली ढिगाने पडतात, नाहीतर नदीत जातात. त्यांतल्या कित्येकांना कुणाच्या तरी पणजीने रोज पाणी घातलेलं असतं.

गावात नवी मूर्ती जरूर बसवा, तिची प्रतिष्ठाही थाटाने करा. पण जुनी पाण्यात सोडण्याआधी तिला देवळाच्या ओवरीत जागा देता येते का, एवढं गावकऱ्यांनी एकदा बसून ठरवावं. ती पूजेला नको असेल तर नको; तिच्यापाशी एक दिवा लावायला कुठलंही शास्त्र आडवं येत नाही.