पावणेनऊ तास

गेले चार महिने माझ्याकडे एक स्प्रेडशीट आहे आणि मासा एकही नाही. शीटमध्ये तीन फुटी काचेची टाकी आहे, साधारण १९० लिटर खारं पाणी आहे, आणि ते पाणी समुद्रासारखं वागावं म्हणून लागणारी सगळी यंत्रं आहेत: पंप, स्किमर, हीटर, दिवे, नळाचं पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआय. प्रत्येकापुढे किंमत, वॅट आणि ‘बंद पडलं तर?’ असा एक रकाना. हा शेवटचा रकाना म्हणजे व्यवसायाची खोड.

तो भरताना मजा येते, हे कबूल करतो. हीटरचंच घ्या. पुण्याच्या थंडीत पाणी २५ अंशांवर ठेवायला तो लागतोच. पण त्याचा थर्मोस्टॅट चिकटून तो चालूच राहिला, तर २०० वॅटचा हीटर एवढं पाणी तासाला जवळजवळ एक अंश तापवतो (हवेत जाणारी उष्णता सोडून देऊ). मी ऑफिसात दहा तास असतो. म्हणून शंभर-शंभर वॅटचे दोन घ्यायचे: एक अडकला तर पाणी सावकाश तापेल, एक मेला तर दुसरा थोडं तरी सांभाळेल. तसंच बाष्पीभवनाचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज दोन लिटर उडालं आणि तीन दिवस कुणी भर घातली नाही, तर क्षारता हजारी ३५ वरून ३६ च्या पुढे जाते. समुद्राला याचं काही वाटत नाही, कारण तो प्रचंड आहे. दुकानात आपण जे विकत घेतो, ते त्या प्रचंडपणाच्या बदली मिळणारं सामान.

अडलो ते बॅटरीपाशी. वीज गेली की पंप थांबतात, पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबतो आणि विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी दोन तास, कधी पाच. मी नेहमीचं सूत्र घातलं: शक्यता गुणिले नुकसान. नुकसानीच्या जागी क्लाउनफिशच्या जोडीची दुकानातली किंमत होती. बॅटरी तिच्या कितीतरी पट महाग. शीटचं उत्तर आलं: घेऊ नका.

गणितात चूक नव्हती. फक्त ते नुकसान माझं होतं. अंधारात पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकणाऱ्या माशाचं नुकसान लिहायला शीटमध्ये जागाच नव्हती, आणि चार महिन्यांत ती नसल्याचं मला जाणवलंही नव्हतं.

ऑफिसात आम्ही ग्राहकाला ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील असं लिहून देतो. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ग्राहक हे वाचतो, घासाघीस करतो, सही करतो. माझ्या टाकीचे पावणेनऊ तास कुणी मान्य केले? मित्र म्हणाला, समुद्रातही मासे मरतातच की, आणि तुझे तर हॅचरीतले, त्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही. पहिलं खरं आहे, पण तिथला धोका मी ठरवलेला नसतो. दुसऱ्याने माझी जबाबदारी उलट वाढते. माझ्यासारख्यांची मागणी आहे म्हणूनच तो मासा जन्माला आला. ‘जन्म दिला, उपकार केले’ म्हणणारे आईबाप आपल्याला खटकतात ना?

प्रवाळाचा प्रश्न त्या मानाने सोपा. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. ‘हे बाहेरून आलंय’ या दुकानदाराच्या वाक्यावर मी ती ओळ काढून टाकली. प्रवाळ बघायला मालवण आहे.

उन्हाळ्याचं तेवढं सोपं नव्हतं. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि ती हॉलमध्ये सोडतो, जिथे दुपारी आई बसते. ती म्हणाली, “एसी आपल्याकडे नाही. माशांची गरमी मी खायची का?” चिलर गेला, पंखा आला. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंख्याच्या वाऱ्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं. फक्त ते आणखी उडतं, म्हणजे भर घालायचं काम वाढतं.

ते काम कुणाचं? माझ्या ऑनसाइटचं चाललं आहे, दीड वर्षासाठी. ‘बंद पडलं तर?’ या रकान्यात मी स्वतःला कधी घातलं नव्हतं, कारण पर्यायी व्यवस्था म्हणून आई गृहीतच होती. माशाला विचारता येत नाही म्हणून मी इतका हळवा झालो होतो, आणि जिला विचारता येत होतं तिला विचारलं नव्हतं.

बॅटरी आता यादीत आहे, शीट काहीही म्हणो. रविवारी आईला विचारलं.

“जगतो किती तो?”

“नीट ठेवला तर वीस वर्षंसुद्धा.”

तिने मनात काहीतरी मोजलं. म्हणाली, “आधी ते मीठ बघायचं यंत्र दाखव. मग सांगते.”

बादलीत मीठ कालवलं. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून खिडकीशी धरला. तिला ३५ दिसलं, मला ३३. काच पुसून पुन्हा थेंब टाकले.