बेळगावचे माप, सोलापूरचे माप

सोलापुरातील एका सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी काही वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. शहराच्या पूर्व भागात राहणारी, आयुष्यभर विड्या वळून बोटे झिजलेली एक वृद्ध बाई निराधारांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आली होती. तिची भाषा तेलुगू. बाजारहाटापुरते मराठी तिला येत होते. पण खिडकीमागून येणारे ‘अवलंबित’, ‘हयात’, ‘वार्षिक उत्पन्न’ हे शब्द तिच्या बाजारातले नव्हते. सोबत दहा-अकरा वर्षांची नात होती, मराठी शाळेत जाणारी. कारकुनाने विचारले, “आजी, मुलगा सांभाळतो का तुम्हांला?” आजीने नातीकडे पाहिले. नात क्षणभर गप्प राहिली. ज्या मुलाविषयी हा प्रश्न होता, तो तिचा बाप होता. तिने तो प्रश्न आजीला सांगितलाच नाही. मान खाली घालून ती म्हणाली, “हो, सांभाळतात.” कारकुनाने तसे लिहून घेतले.

कारकून उद्धट नव्हता; उलट तो बराच सौम्य होता. मुलीलाही आपण दोष देऊ शकत नाही. आपल्या घराची लाज चारचौघांत उघडी करण्याचे काम आपण एका बालिकेवर टाकले होते आणि तिने ती झाकली, एवढेच. तरीही त्या दिवशी एका वृद्धेला तिच्याच आयुष्याविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. हा अन्याय कोणी केला, हे आम्हांला बराच काळ उमगत नव्हते.

शासनाने आपल्या सेवा केवळ राज्याच्या भाषेत द्याव्यात, की जेथे दुसरी भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येने राहतात तेथे त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हा प्रश्न वरवर पाहता कारभाराचा वाटतो. त्या खिडकीपाशी मात्र तो नीतीचा प्रश्न होतो. सोलापूरकरांना तो टाळताही येत नाही, कारण आपले शहर एका भाषेने घडलेले नाही. ज्यांच्या यात्रेसाठी संक्रांतीला सारे शहर लोटते, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातील वचनकार; त्यांची वचने कन्नड भाषेतील आहेत. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे गिरण्या-मागांचे हे शहर वाढत गेले, तेव्हा निजामाच्या मुलखातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. ज्या चादरीने सोलापूरचे नाव दूरवर नेले, तिच्या धाग्यांत त्यांचे श्रम आहेत. उर्दू बोलणारी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही नावे नुसती उच्चारली तरी हे शहर कोणाकोणाचे आहे ते कळते.

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: “महाराष्ट्रात राहता ना? मग मराठी शिका.” हे उत्तर आम्ही हलके मानत नाही. मराठीला राज्यकारभारात जे स्थान मिळाले, ते सुखासुखी मिळालेले नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी राज्य झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि १ मे १९६६ पासून मराठी ही राजभाषा म्हणून अंमलात आली. त्याआधी आपल्या आजोबांनी इंग्रजी नोटिसा हातात धरून वकिलाचे उंबरे झिजवले होते. मराठीचा हा मान कमी व्हावा, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. येथे राहणाऱ्या प्रत्येकाने मराठी शिकावे, त्यातच त्याचे हित आहे, हेही आम्ही मानतो.

पण हेच उत्तर आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, तेव्हा ते कसे वाटते? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तेथील मराठी माणूस मागत आला आहे, की शेताचा उतारा, कराची नोटीस, मतदारयादी मराठीतही मिळावी. ज्या जमिनीवर आपण राबतो तिच्या कागदावर काय लिहिले आहे, हे शेजारच्या मुलाला विचारावे लागते, हे त्याचे दुःख आहे. त्याला मिळणारे उत्तर आपल्या परिचयाचे आहे: “कर्नाटकात राहता ना? मग कन्नड शिका.” ते उत्तर ऐकून आपण संतापतो. मराठी वृत्तपत्रे अग्रलेख लिहितात, सभागृहांत ठराव होतात, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला. तो सीमेचा दावा आहे, हे खरे. पण त्यामागची वेदना पुष्कळ अंशी भाषेची आहे.

मग अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील ज्या गावांत घरोघरी कन्नड बोलली जाते, तेथील शेतकऱ्याची वेदना निराळी कशी? खानापूरच्या म्हातारीला न समजणारा कागद हा अन्याय असेल, तर सोलापूरच्या म्हातारीला न समजणारा प्रश्न हा केवळ तिचा आळस कसा ठरतो? आपल्या घरात घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

आपल्या राज्यघटनेच्या कर्त्यांना आणि नंतरच्या धुरीणांना ही अडचण दिसली होती. कोणत्याही नागरिकाने आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडावे, असा हक्क कलम ३५० ने दिला. भाषावार राज्ये झाली त्या १९५६ सालीच, सातव्या दुरुस्तीने, अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून कलम ३५०-क आणि त्यांच्या हितरक्षणासाठी विशेष अधिकारी नेमणारे कलम ३५०-ख आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने राज्यांशी विचारविनिमय करून एक निवेदन तयार केले. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका यांच्या हद्दीत एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा ते वीस टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात सुचविले होते. बेळगावचा मराठी माणूस ज्या आधारावर बोलतो, तो हाच. तो आधार सीमेच्या अलीकडेही तितकाच लागू आहे.

न्यायालयांनीही या बाबतीत वेळोवेळी जागे केले आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध केलेल्या एका माणसाला अटकेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने ती हिंदीत मागितली आणि ती नाकारण्यात आली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली. कारणे कळवणे म्हणजे कागद हातात देणे नव्हे. ज्याला कळवायचे त्याला ती समजली पाहिजेत, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अगदी अलीकडे, १५ एप्रिल २०२५ रोजी, अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी, या वादात त्याच न्यायालयाने निर्णय दिला. मराठी असताना जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास कायद्याची मनाई नाही, भाषेला धर्म नसतो आणि नगरपरिषदेचे काम स्थानिक लोकांना समजेल अशा रीतीने सेवा पुरविण्याचे आहे, असे त्यात म्हटले आहे.

याविरुद्धचे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. प्रत्येक कचेरीत चार भाषांचे कारकून ठेवणे परवडेल काय? तसे कोणी मागतही नाही. दप्तर, निकाल, पत्रव्यवहार मराठीतच राहावा. पण नोंदीची भाषा आणि ऐकण्याची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्जाचा नमुना दोन भाषांत छापणे, रुग्णालयात औषध कसे घ्यावे हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, ठरलेल्या दिवशी खिडकीपाशी तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणारा एक प्रौढ माणूस बसवणे, एवढ्याने पुष्कळ काम होईल. सोलापुरात असा माणूस शोधायला परगावी जावे लागत नाही. कित्येकदा तो त्याच कचेरीत पलीकडच्या टेबलाशी बसलेला असतो. फक्त त्याची भाषा कामाची मानली जात नाही.

दुसरा आक्षेप असा, की सवलत दिली तर लोक मराठी शिकणारच नाहीत. मुलांच्या बाबतीत ही चिंता रास्त आहे आणि त्यांना शाळेत मराठी उत्तम शिकवलेच पाहिजे. पण सत्तर वर्षांच्या विडीकामगार बाईला औषध नाकारून कोणी मराठीचा प्रसार करू शकत नाही. आणि पूर्व भागातील मुले आज मराठी बोलतात ती आजीच्या अडचणीमुळे नव्हे, शाळेमुळे आणि शेजारामुळे.

तिसरा आक्षेप सीमेचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भागावर हक्क सांगितला, तेव्हा अनेकांना वाटले की कन्नडला जागा देणे म्हणजे त्या मागणीला बळ देणे. पण त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील जतच्या काही गावांनी शेजारच्या राज्यात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यांचे मुख्य गाऱ्हाणे पाण्याचे होते. ज्याचे गाऱ्हाणे ऐकले जाते तो सीमेपलीकडे पाहत नाही. जो ऐकला जात नाही तोच पाहतो.

हा वाद केवळ आपला नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्यांना सरकारी सेवा त्यांच्या भाषेत द्याव्यात की नाही, यावर अनेक दशके भांडण चालू आहे. इंग्रजी न येणाऱ्यांना सेवा समजाव्यात म्हणून २००० साली तेथील राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. १ मार्च २०२५ रोजी दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी तो रद्द करून इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा जाहीर केली. आपल्यातील ज्यांची मुले तेथे स्थायिक आहेत आणि ज्यांचे वृद्ध आईबाप कधी तेथील इस्पितळात जातात, त्यांना या आदेशांचा अर्थ अधिक सांगायला नको.

ख्रिस्ती म्हणून आपल्याला या प्रश्नाचे विस्मरण तर मुळीच होऊ नये. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केल्या आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. आज आपण कोणाचे नाव आदराने घेतो? आणि आपल्याच मंदिरांत १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ती मराठीत ऐकताना ज्यांचे डोळे पाणावले, ती माणसे आपल्या घरांत होती. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमात जमलेल्या लोकांना एक भाषा शिकण्यास सांगितले गेले नाही. प्रत्येकाला आपापल्या बोलीत ऐकू आले. समजावण्याचे ओझे तेथे बोलणाऱ्याने उचलले होते.

हे ओझे कोणी उचलायचे, हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे. आमचे उत्तर असे, की ज्याच्या हाती सत्ता, शिक्का आणि खिडकी आहे त्याने. याचा धडा घेण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. जखमी सैनिकांनी आधी इंग्रजी किंवा मराठी शिकावे आणि मग आपल्याकडे यावे, असे ते म्हणाले नाहीत. ते स्वतः चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तेथेच देह ठेवीपर्यंत त्या भाषेत रुग्णांशी बोलत राहिले. आपण त्यांचे स्मारक उभारले आहे. त्यांच्या गावात एका वृद्धेला तिचा प्रश्न तिच्या भाषेत ऐकवणे आपल्याला जड का जावे?

त्या दिवशी खिडकीपाशी तेलुगू जाणणारे एखादे मोठे माणूस असते, तर आजीने काय उत्तर दिले असते, हे आम्हांला माहीत नाही. कदाचित तिनेही मुलाची लाज झाकली असती. पण ते उत्तर तिचे स्वतःचे असते, आणि तिची नात बाहेर येऊन इतर मुलांसारखी पायऱ्यांवर खेळत बसली असती.