काकीची हिरवी साडी आणि आमचं हसणं

दोस्तहो, आधी गुन्हा कबूल करतो, मग बोलतो.

शिरोड्याला आमच्या वाडीत १४ एप्रिलची मिरवणूक निघायची होती. आम्ही पोरं निळे कुडते चढवून, गॉगल लावून, केसांना जेल फासून तयार. एवढ्यात काकी आली. वय साठीच्या पलीकडे. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. अंगावर पोपटी हिरवी साडी, जरीचा काठ. केस काळे केलेले. अंबाड्यात अबोलीचा वळेसर, डोळ्यांत काजळ. पायात नव्या चपला, त्या वाजत होत्या.

कोणीतरी बोललं, "म्हातारीक पालवी फुटली रे!"

हशा झाला. मीही हसलो. बारीक नाही, चांगला खदखदून हसलो. काकीनं एकदा वळून बघितलं आणि सरळ मिरवणुकीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या जयंतीला ती एक विटकी, करडी साडी नेसून आली. मागे भिंतीला टेकून बसली. फोटोला बोलावलं, आली नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. विचारलं, "काकी, ती हिरवी साडी खंय गेली?" ती काजू सोलत होती. मान वर न करता बोलली, "ट्रंकेत आसा." मग जरा वेळानं, "लोक हसले तर माका काय नाय रे झिला. सगळो जलम हसतच होते. पण तू हसलस."

या तीन शब्दांनी माझी झोप गेली. मी कविता लिहितो, स्टेजवरून माणूसपणाच्या गोष्टी सांगतो. आणि माझ्याच काकीच्या अंगावरची साडी मी उतरवली. हात न लावता. नुसतं हसून.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात भणभणतोय. म्हातारपणी माणसानं ऐटीत राहावं की नाही, हे ठरवणार कोण? आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून हसत होतं ते नेमकं कोण?

शोधत शोधत मागे गेलो तर मनूच्या दारात पोचलो. दहाव्या अध्यायात त्यानं चांडाळांचा सगळा पोशाख ठरवून टाकलाय. कपडे घालायचे ते मेलेल्याच्या अंगावरचे. जेवायचं फुटक्या भांड्यात. दागिने घालायचे ते लोखंडाचे. म्हणजे माणसाकडे बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, हा कोण आहे. कपडा ही आमची पाटी होती. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू नंतर आला, त्याच्या आधी ही पाटी आली.

हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच पुस्तकात सहाव्या अध्यायात दुसरी एक गोष्ट आहे, तिकडे आपलं लक्ष जात नाही. गृहस्थाला अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवाचं तोंड बघितलं, की त्यानं घर सोडून रानात जावं. अंगावर कातडं नाहीतर चिंधी घालावी. म्हातारा झालास ना, मग आता सजू नको, मागू नको, बाजूला हो. हा कायदा द्विजांसाठी होता. आमच्या म्हाताऱ्यांना रानात जायची पण सोय नव्हती. त्यांना मरेपर्यंत राबायचं होतं. पण बाजूला होण्याचा हुकूम तेवढा झिरपत झिरपत आमच्या वाडीत येऊन पोचला. "आता ह्या वयात कशाला?" हे वाक्य आपल्या घराघरात बोललं जातं. बोलणाऱ्याला वाटतं, ही शहाणपणाची गोष्ट. त्यात विधवा असली तर बघायलाच नको. फूल नको, काजळ नको, हिरवा रंग नको.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपण हेच पुस्तक जाळलं. दहावा अध्याय जळला. सहावा आपल्या डोक्यात शिल्लक राहिला. त्या दिवशी माझ्या तोंडातून तो हसला.

महाडच्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले होते. लुगडं नेसायची पद्धत बदला, हातापायांतले ते चांदीचे ओझ्यासारखे दागिने टाका, ज्यावरून तुमची जात ओळखू येते ते सगळं अंगावरून काढा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. आज कोणाला वाटेल, एवढा मोठा सत्याग्रह चाललाय आणि हा माणूस साडीच्या निऱ्यांवर काय बोलतोय? पण पाणी आणि लुगडं या दोन गोष्टी एकाच लढाईतल्या होत्या. तळ्यावर जायचं तर आधी मान वर पाहिजे. पाटी अंगावर घेऊन मान वर होत नाही.

कपड्याचं आणि आमचं आणखी एक नातं आहे, ते मला पोटापाण्यामुळे ठाऊक. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो. आठ तास सूत बघतो. माझे आजोबा मुंबईला गिरणगावात होते, तेही रिंग खात्यातच. आपले लोक रिंग खात्यातच का दिसायचे? कारण विणाई खात्यात आपल्याला घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडानं चोखून भोकातून ओढावं लागायचं. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार कसा तोंडाला लावणार? बाटेल ना! आणि पगार तर विणाईतच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, आमच्या माणसांना गिरणीतलं प्रत्येक काम मिळालं पाहिजे, ही मागणी घ्या, नाहीतर संपात आम्हाला धरू नका. तेव्हा कुठे नाईलाजानं ती मागणी घेतली गेली. सूत आम्ही काढायचं, कापड दुसऱ्यानं विणायचं, घालायचं तिसऱ्यानं. आणि आमच्या म्हातारीनं कधी नवं कोरं घातलं तर हसायचं आम्हीच. व्वा!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यात आजोबांची नोकरी गेली आणि ते शिरोड्याला परत आले. पण इस्त्री सुटली नाही. तांब्यात निखारे घालून शर्ट कडक करायचे आणि मग बाजारात जायचे. गाव बोलायचं, "गिरण गेली, पण ऐट जावक नाय." त्या वेळी ते बोलणारं गाव होतं, म्हणून आपल्याला राग यायचा. काकीला बोलणारे आपण होतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. जुनं? २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यात आपल्या पोरांना मिशा ठेवल्या म्हणून मार पडला. २०२३ मध्ये त्याच राज्यात पालनपूरजवळच्या गावात एका पोराला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारलं. एकविसाव्या शतकात गॉगलवर मार! म्हणजे पाटी अजून शोधली जाते. सापडली नाही की त्यांचे हात शिवशिवतात.

पण आपल्यातलाच एखादा अभ्यासू मित्र मला अडवतो. तो म्हणतो, कपड्याला एवढं काय घेऊन बसलास? गांधींनी १९२१ मध्ये मदुराईत सदरा-टोपी उतरवली आणि पंचा लावला, त्यांची प्रतिष्ठा काही कमी झाली नाही. आणि आपला धम्म काय सांगतो? देह अनित्य आहे. सिद्धार्थानं म्हातारा बघितला, रोगी बघितला, प्रेत बघितलं. मग केस काळे करून जरा थांबते काय?

प्रश्न बरोबर आहे. मी त्यावर पुष्कळ दिवस डोकं घासलं.

गांधींनी कपडे उतरवले, कारण त्यांच्याकडे उतरवायला होते. विलायतेचा सूट त्यांनी आधी घालून झाला होता. ज्याच्या बापजाद्यांना कपडा घालायची बंदी होती त्यानं काय उतरवायचं? म्हणून बाबासाहेबांनी सूट घातला. दोघांनी आपापली निवड केली. पण गरिबीचा पोशाख त्याग म्हणून तोच मिरवू शकतो, ज्याच्यावर तो लादलेला नव्हता.

आणि धम्मातली गोष्ट तर याहून मोठी आहे. पूर्वी भिक्खू पांसुकूल चीवर घालत. म्हणजे उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून केलेलं वस्त्र. नीट बघा. मनूनं चांडाळाला दिलं ते प्रेताचं वस्त्र. भिक्खूनं घेतलं तेही स्मशानातलं वस्त्र. चिंधी तीच. पण एकाच्या अंगावर ती शिक्षा आहे आणि दुसऱ्याच्या अंगावर ती मोकळीक आहे. फरक कापडात नाही, ती चिंधी कोणी ठरवली त्यात आहे. नंतर जीवकानं उंची वस्त्र दिलं तेव्हा बुद्धानं ते घेतलं आणि भिक्खूंनाही गृहस्थांनी दिलेलं वस्त्र घ्यायची मुभा दिली. चिंधीचाही हट्ट धरला नाही.

अष्टशीलात माळा, सुगंध, अलंकार सोडायला सांगितलंय. पण ते उपोसथाच्या दिवशी, आणि आपणहून. गृहस्थाच्या पंचशीलात नटण्याला बंदी नाही. देह अनित्य आहे हे ओळखणं वेगळं आणि देहाची लाज वाटणं वेगळं. काकीला आपण म्हातारे झालो हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिचे गुडघे तिला ते रोज सांगतात.

१४ ऑक्टोबर १९५६ आठवा. बाबासाहेबांचं वय पासष्ट. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, पाय दुखतायत, हातात काठी. आणि अंगावर पांढरं रेशमी धोतर, पांढरा कोट. पुढे लाखो माणसं. दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबरला ते गेले. ज्याच्या शरीराचे थोडेच दिवस राहिलेत त्या माणसानं त्या दिवशी शुभ्र रेशीम का घातलं असेल? त्यांना काय तरुण दिसायचं होतं? तो त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता, आणि मोठ्या दिवसाला माणूस जसा नीट तयार होऊन जातो तसे ते गेले. काकीचा मोठा दिवस १४ एप्रिल. तीही तशीच आली होती.

आमच्या शिरोड्याचं नाव मराठी पुस्तकांत दोन कारणांनी येतं. एक १९३० चा मिठाचा सत्याग्रह. दुसरं वि. स. खांडेकर. १९२० ते १९३८ ते इथल्या शाळेत शिकवत होते. त्यांच्या १९५९ च्या 'ययाति' कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. महाभारतातला हा ययाती, ऐन उमेदीत शाप लागून म्हातारा झाला आणि पोराकडे तारुण्य मागायला गेला. म्हातारपणी नटणाऱ्या माणसाला लोक ययातीच्या रांगेत बसवतात. वासना सुटत नाही म्हणतात.

पण दोस्तहो, ययाती राजा होता. त्यानं तारुण्य भोगलं होतं, त्याला ते परत पाहिजे होतं. काकीचं तारुण्य कुठे गेलं? सोळाव्या वर्षापासून ती काजू फोडतेय. काजूच्या टरफलाचा चीक लागून बोटं काळी पडतात, कातडी सोलते. ते डाग साबणानं जात नाहीत. लग्नातली साडी सोडली तर अंगाला लागलं ते दुसऱ्याचं उतरलेलं. हिरवी साडी तिनं स्वतःच्या मजुरीतून घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती काही परत मागत नव्हती. जे कधी मिळालंच नाही ते साठीला घेत होती. ययातीनं पोराचं तारुण्य घेतलं. काकीनं कोणाचं काय घेतलं?

इथे एक काटा आहे, तोही सांगून टाकतो. सगळंच नटणं मी डोक्यावर घेत नाही. बाजार बसलाय टपून. गोरं करणारं क्रीम आपल्याच काळ्या पोरींना विकलं जातं. जयंतीला कर्ज काढून सूट शिवणारे आपल्यात आहेत आणि मग वर्षभर व्याज फेडतात. सावकाराच्या पैशाचा कोट म्हणजे पुन्हा दुसऱ्यानं घातलेला कपडा. म्हणून मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. हे मी स्वतः निवडलंय की कोणाच्या भीतीनं घालतोय? याच्यासाठी घरातलं कोणी उपाशी राहतंय का? आणि हे घालून मी स्वतःला लपवतोय की पुढे आणतोय?

काकीला हे प्रश्न लावून बघितले. साडी तिच्या पैशाची, तिच्या आवडीची. घरात कोणी उपाशी नाही. आणि लपवणं? तिनं केस काळे केले होते, पण ती काळी बोटं पदराखाली घेतली नव्हती. त्याच बोटांनी मिरवणुकीत झेंडा धरला होता. तिन्ही प्रश्नांत ती पास झाली. मग प्रश्न मी स्वतःला लावले. तो निळा कुडता मी घातला, कारण सगळ्यांनी घातला होता. पैसे उसने होते. गॉगल लावला, कारण त्याशिवाय मला माझं तोंड आवडत नाही. मी नापास झालो.

अमेरिकेत १९६६ मध्ये ब्लॅक पँथर उभे राहिले. काळी टोपी, चामड्याचं जाकीट, केस आहेत तसे कुरळे. काळं ते सुंदर, ही त्या काळातल्या काळ्या लोकांची घोषणा होती. १९७२ मध्ये आपल्या लोकांनी पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं, डरकाळी घेतली. आपला काळा, राबलेला, सुरकुतलेला चेहरा सुंदर आहे, हे मात्र आपण आपल्या म्हाताऱ्यांना कधी सांगितलं नाही. स्टेजवर तरुण, फोटोत तरुण, पोस्टरवर तरुण. आणि ज्यांनी आपल्याला वह्या घेऊन दिल्या ते मागे भिंतीला टेकून.

येत्या जयंतीला मी दोन दिवस आधी शिरोड्याला जाणार आहे. काकीची माफी मागणार आहे, आणि तीही जिथे हसलो त्याच जागी, त्याच पोरांपुढे. ती हिरवी साडी नेसेल की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं. ट्रंक उघडायला मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून नेसली तर पुन्हा तेच झालं.

तुमच्या वाडीतही अशी एक ट्रंक असेल. जरा आठवून बघा, तिच्या झाकणावर कोणाचं हसणं बसलंय.

जयभीम.