जपलेलेच देता येते

साधनेच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाने कपड्यांची काळजी किती घ्यावी? प्रश्न साधा आहे, पण त्याची दोन उत्तरे आपल्या मनात एकाच वेळी नांदत असतात. एक मन म्हणते, शरीरच नश्वर, मग त्यावरच्या कापडाचे एवढे काय कौतुक? दुसरे मन म्हणते, आजीच्या पैठणीला कसर लागली तर वाईट वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. पहिल्याला आपण चटकन वैराग्य म्हणतो, दुसऱ्याला आसक्ती. ही नावे बरोबर आहेत का, ते आज सावकाश पाहू या.

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून चंडीगढला येऊन सेक्टर ३२ मध्ये घर केलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. मुंबईत असताना एक स्वेटर त्यांना वर्षानुवर्षे पुरत होता. इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. मग कोट येतात, शाली येतात, जाड रजया येतात. मार्चमध्ये ऊन तापू लागले की हे सगळे सात-आठ महिन्यांसाठी पेटीत जाते, आणि त्याच महिन्यांत इथला दमट पावसाळाही येतो. लोकरीचा कपडा अंगावर जेवढा झिजतो, त्याहून अधिक तो पेटीत बिघडतो. म्हणून त्याच्या काळजीची खरी वेळ थंडी सरताना येते.

कपडा का बिघडतो?

लोकर आणि रेशीम ही प्राण्यांपासून मिळणारी प्रथिने आहेत. कसर लावणारा पतंग स्वतः कापड खात नाही. त्याने घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या ते खातात. त्यांनाही स्वच्छ कापडापेक्षा घाम, तेल किंवा अन्नाचा अंश राहिलेली जागा अधिक मानवते. मळका कोट तसाच ठेवून वर डांबराच्या गोळ्या टाकणे म्हणजे पान वाढून ठेवायचे आणि पाहुण्याला येऊ नको म्हणायचे. कपडा आधी स्वच्छ करावा, पूर्ण वाळवावा आणि मगच पेटीत ठेवावा. एवढ्या एका नियमाने निम्मे काम होते.

स्वच्छ कसा करावा, हे धाग्यावर अवलंबून आहे. सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, म्हणून तो आपटणे-चोळणे सोसतो. लोकर, रेशीम आणि व्हिस्कोस ओले असताना दुबळे होतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाडाभरडा होतो. साधी विणलेली शाल मात्र थंड पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात हलक्या हाताने घरी धुता येते. ती पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावी. टांगली तर स्वतःच्याच वजनाने ताणली जाते.

अस्तर लावलेला कोट, जरीची साडी, भरीव भरतकाम यांची गोष्ट वेगळी. त्यांना ड्रायक्लीनिंग लागते. नावात कोरडेपणा असला तरी कपडा भिजतोच. फक्त पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकात. या द्रावकात तेल आणि तूप विरघळते. घामातले क्षार आणि सरबतातली साखर नीट विरघळत नाही. म्हणून दुकानात कपडा देताना डाग कुठे आहे आणि कशाचा आहे, हे सांगावे. साखरेचा डाग सुरुवातीला दिसतही नाही; काही महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो. इस्त्रीची उष्णता बसली की तो पक्का होतो. डाग ताजा असताना सांगितला तर निघतो आणि लपवला तर मुरतो, हे मनालाही लागू आहे. ते वेगळे समजावून सांगायला नको.

स्वच्छतेची किंमत कोण देतो?

इथे प्रश्न अधिक खोल जातो. जगभर ड्रायक्लीनिंगसाठी अनेक दशके प्रामुख्याने वापरले गेलेले द्रावक म्हणजे परक्लोरोइथिलिन, ज्याला या व्यवसायात थोडक्यात ‘पर्क’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधील पर्कचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. आपल्याकडे पेट्रोलियमपासून मिळणारी द्रावकेही वापरतात. ती पेट घेणारी असतात, आणि त्यांची वाफही श्वासातून जातेच.

आपण कोट वर्षातून एकदा देतो. यंत्रापाशी उभा असलेला माणूस ती वाफ रोज घेतो. आपला कोट दहा वर्षे टिकावा म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसाची झीज होत असेल, तर त्या काळजीला आपण अहिंसा म्हणू शकू का?

कोणी म्हणेल, मग ड्रायक्लीनिंग बंदच करावे का? तसे नाही. त्या कामावर घरे चालतात. पण गरज नसताना देणे आपण थांबवू शकतो. एकदा घातलेला कोट मळलेला असतोच असे नाही. त्याला मऊ ब्रश फिरवून रात्रभर हवेशीर टांगला तर अनेकदा तेवढे पुरते. कपड्याच्या आतल्या पट्टीवरची खूण वाचावी. पाण्याच्या टबाची खूण म्हणजे धुता येतो. वर्तुळ म्हणजे व्यावसायिक स्वच्छता, आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायक्लीनिंग नकोच. आणि दुकानदाराला आदराने विचारावे, ‘भैयाजी, कोणते सॉल्व्हंट वापरता? काम करणाऱ्यांना हातमोजे, खेळती हवा मिळते का?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्याच्या आधी दुकानदार स्वतः विचार करू लागतो. कपडा घरी आल्यावर त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढून टाकावी आणि कपाटात ठेवण्याआधी त्याला मोकळी हवा द्यावी. त्या पिशवीत वाफ आणि ओल दोन्ही कोंडतात.

आपल्या गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचा मोठा दोष होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आपले कपडे कोणाच्या हातून स्वच्छ होतात, हे गावाला माहीत असे. आज आपल्या हाती फक्त पावतीचा नंबर असतो. त्या नंबरामागच्या माणसाला ओळखणे हा साधनेचाच भाग आहे.

चिंध्या पांघरणारा परीट

याच परीट समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. त्यांना आपण संत गाडगे महाराज म्हणून ओळखतो. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरले की आधी झाडलोट, मग कीर्तन.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर या जीवनात शोधा. कपड्याच्या मोठेपणाचा त्यांना स्पर्शही नव्हता. पण अस्वच्छता त्यांना सहन होत नसे. वैराग्य म्हणजे बेपर्वाई असते, तर त्यांच्या हाती खराटा दिसला नसता. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, त्यातून धर्मशाळा उभ्या केल्या. रुग्णांच्या परगावाहून आलेल्या नातेवाइकांना मुंबईत डोके टेकायला जागा मिळावी, याचीही त्यांना काळजी होती. ज्याला स्वतःसाठी काही नको होते, त्याने दुसऱ्यासाठी किती जपले!

जपणे आणि साठवणे

मराठीत ‘जपणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. नाम जपतो तो जप, आणि वस्तू जपतो तीही जपणूकच. दोन्हींत लक्ष लागते, सातत्य लागते. साठवण्याला लक्ष लागत नाही, फक्त जागा लागते. कपाटाच्या तळाशी सहा वर्षे न उघडलेला कोट आपण जपत नसतो, साठवत असतो. पैठणी खऱ्या अर्थाने जपायची तर तिला मलमलीच्या कापडात ठेवावे लागते, दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालावी लागते. तसे केले नाही तर घडीवर जर आणि रेशीम चिरते. आणि अधूनमधून ती नेसावीही लागते. जे वापरात असते त्याच्याकडे आपले लक्ष राहते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात देह सोडण्याला वस्त्र बदलण्याची उपमा आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिथे टाकून दिलेल्या वस्त्राला लावलेले विशेषण आहे ‘जीर्ण’. कंटाळा आलेले, फॅशन गेलेले असे नव्हे. कापड आपले काम पूर्ण करते आणि मग सुटते. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज सांगितला जातो. त्यात विदर्भातल्या एखाद्या कोरडवाहू शेताचा घामही असू शकतो. इतक्यांच्या कष्टाने आलेली वस्तू चार वेळा घालून टाकणे याला त्याग म्हणता येणार नाही.

शेवटच्या धाग्यापर्यंत

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राणीवशाने आनंद भिक्षूंना पाचशे वस्त्रे दिली. राजाला वाटले, श्रमणाला एवढी वस्त्रे कशाला? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्यानंतर पायपुसणी, मग झाडण्याची फडकी, आणि अखेर त्याचे तुकडे मातीत मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आजींनी हा ग्रंथ वाचला नव्हता, पण त्यांचे चालणे असेच होते. लुगडे विरले की त्याची गोधडी, बाळाची दुपटी, मग फडके, मग पोतेरे. उरलेले बोहारणीकडे जाई आणि घरात भांडे येई. चंडीगढहून दिल्लीकडे जाताना पानिपत लागते. ते नाव ऐकून मराठी मनाला १७६१ आठवते. आज तेच गाव जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा सूत कातून घोंगड्या विणण्यासाठी ओळखले जाते. जगभरातले टाकलेले स्वेटर तिथे येतात, आणि तिथल्या स्वस्त घोंगड्या संकटग्रस्तांच्या मदतीसाठीही जातात. तिथेही लोकर पिंजताना धूळ उडते आणि ती कोणाच्या तरी श्वासात जाते, म्हणून ‘टाकले तरी पुन्हा वापरात येईल’ या समाधानाने लवकर टाकू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेक्टर ३२ मध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून रुग्ण येतात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जानेवारीच्या रात्री आवारात बसून राहणारे नातेवाईक असतात. घाईत घर सोडलेले, पातळ चादर गुंडाळलेले. जवळच्याच एखाद्या घरात बंद कपाटात तीन कोट असतात. त्यातला एक देणे हा धर्म आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण तो कोट कसर लागलेला, कुबट वासाचा, बटणे तुटलेला असेल, तर काय देणार? जे आपण अंगाला लावणार नाही ते दुसऱ्याला देणे म्हणजे आपला कचरा त्याच्या दारी नेणे. जो कोट वेळेवर स्वच्छ केला, ज्याची शिवण उसवताच टाका घातला, जो ओलीपासून राखला, तोच कोट मान ठेवून दुसऱ्याच्या खांद्यावर घालता येतो.

म्हणून जपणे आणि सोडणे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. नीट जपलेलेच देता येते. ‘हे माझे आहे’ म्हणून जपले की आसक्ती वाढते. ‘हे सध्या माझ्यापाशी आहे’ म्हणून जपले की तीच काळजी सेवा होते. हात तेच, ब्रश तोच, टाका तोच. फरक भावाचा.

या रविवारी एक तास काढा. कपाट उघडा आणि एकेक कपडा हातात घ्या. तुटलेले बटण लावा, उसवलेली शिवण घाला. गेल्या दोन हिवाळ्यांत जो अंगावर आला नाही, तो स्वच्छ करून, इस्त्री करून, घडी घालून वेगळा ठेवा आणि थंडी पडण्याआधी तो योग्य हाती पोहोचवा. थंडी ओसरल्यावर देऊ म्हणाल, तर ज्याला आज ऊब हवी आहे त्याचा हिवाळा निघून गेलेला असेल.