विकलेल्या वस्तूवर सत्ता कोणाची?

माझा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात राहतो. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून समुद्रात खोल बुडी मारण्याचा छंद त्याला तेथे जडला. मध्यंतरी त्याचे एक लांबलचक पत्र आले. वकील मामाला भाच्याचे पत्र येते ते सहसा खुशालीसाठी येत नाही, तक्रारीसाठी येते. हेही त्याला अपवाद नव्हते.

तक्रार अशी. बुडीसाठी लागणारे श्वासयंत्र, ज्याला तिकडे रेग्युलेटर म्हणतात, ते घेण्यासाठी त्याने तीन दुकाने पालथी घातली. तिन्ही ठिकाणी किंमत एकच, एका सेंटचाही फरक नाही. थोडी घासाघीस करू लागताच दुकानदाराने हात जोडले : ठरल्या किमतीखाली विकले असे कळले, तर कंपनी आमचा माल बंद करील. तेव्हा भाच्याने दूरच्या एका विक्रेत्याकडून तेच यंत्र टपालाने मागविले; ते जवळजवळ चतुर्थांश स्वस्त पडले. वर्षाने साफसफाईसाठी ते पहिल्या दुकानात नेले, तेव्हा उत्तर मिळाले की, हे यंत्र अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नाही, म्हणून कंपनीची हमी लागू नाही आणि वार्षिक दुरुस्तीचे सुटे भागही फुकट मिळणार नाहीत. ‘मग भाग विकत द्या, मी बसवून घेतो’ असे तो म्हणाला, तर भाग गिऱ्हाइकाला विकले जात नाहीत असे कळले. ‘मामा, वस्तू माझी, पैसे माझे, आणि तिच्यातली रबराची कडी मात्र कंपनीच्या मर्जीवर. हा अन्याय नव्हे काय?’

मुलगा प्रामाणिक आहे. पत्राच्या तळाशी त्याने बारीक अक्षरांत लिहिले होते की, टपालाने मागविण्यापूर्वी त्याच दुकानात तासभर बसून त्याने चार यंत्रे तोंडात धरून पाहिली होती, आणि कोणते घ्यावे हे त्या दुकानदाराकडूनच समजून घेतले होते. मला सारा प्रश्न त्या बारीक अक्षरांत दिसला.

हे यंत्र म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. कारण सदऱ्याचा न्याय त्याला लागत नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी त्याचे आजचे रूप सिद्ध केले. टाकीतील हवा भरलेली असते सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने. ती थेट तोंडात आली तर माणसाची फुप्फुसे फाटतील. यंत्राचा पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊदहा वातावरणे अधिक इतकाच ठेवतो, आणि दुसरा टप्पा तो नेमका भोवतालच्या पाण्याइतका करून घोटाघोटाने हवा देतो. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाचा भार वाढतो. या सगळ्या हिशेबाचे रखवालदार म्हणजे काही रबरी कड्या आणि एक लहानशी झडप, आणि त्या झिजतात. मालवणकडे तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना अशी बुडी मारताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या कड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून कंपन्या म्हणतात : आमचे यंत्र अडाण्याच्या हाती पडू नये. विक्रेता शिकलेला हवा, त्याच्यापाशी दुरुस्तीचा कारागीर हवा, हवा भरण्याचा पंप हवा. या साऱ्याला खर्च येतो, आणि तो भागावा म्हणून किंमत पडू देत नाही. हे म्हणणे खोटे नाही. परंतु खऱ्या म्हणण्याच्या आडून बरेच काही साधता येते, हे वकिली करणाऱ्याने तरी विसरू नये.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा वाद १९११ साली आला, तो श्वासयंत्राचा नव्हे, औषधाच्या बाटल्यांचा. इंडियाना राज्यातील डॉक्टर माइल्स कंपनीने हजारो किरकोळ दुकानदारांकडून करार लिहून घेतले होते की, आमची औषधे अमुक किमतीखाली विकणार नाही. न्यायालयाने ते करार बेकायदा ठरविले. निकालाचा गाभा असा की, माल पुरता विकून मोकळे झाल्यावर त्याच्या पुढील विक्रीवर जुन्या मालकाने दोर बांधून ठेवता येत नाही. न्यायमूर्ती होम्स तेवढे विरुद्ध गेले. निर्मात्याला आपल्या मालाची किंमत राखू द्यावी, असे त्यांचे मत. पुढे १९१९ साली कोलगेटच्या खटल्यात न्यायालयानेच एक खिडकी उघडली : करार न करता कंपनीने नुसते धोरण जाहीर केले आणि ते न पाळणाऱ्याला माल नाकारला, तर तो गुन्हा नव्हे. भाच्याच्या दुकानदाराला मिळणारी पत्रे ‘आमचे एकतर्फी धोरण’ असे शब्द का वापरतात, त्याचे मूळ येथे आहे. कित्येक कंपन्या तर विक्रीच्या किमतीला हातही लावत नाहीत, फक्त जाहिरातीत अमुक किमतीखालचा आकडा छापू नये एवढेच म्हणतात. मग दुकानदार छापतो : ‘किमतीसाठी दूरध्वनी करा’. गिऱ्हाईक समजायचे ते समजते.

मंदीच्या दिवसांत लहान दुकानदारांचा कैवार म्हणून १९३७ आणि १९५२ च्या कायद्यांनी राज्यांना किमती बांधू देण्याची मुभा दिली. त्याचे नाव ‘न्याय्य व्यापार’! ज्याने किंमत चढते त्याला न्याय्य म्हणायचे हे धाडसच. १९७५ साली काँग्रेसने ती मुभा काढून घेतली. अखेर २००७ च्या जूनमध्ये लीजिन कंपनीच्या खटल्यात १९११ चा नियम पाच विरुद्ध चार मतांनी मोडला गेला. तेथे वस्तू होती बायकांच्या पट्ट्यांची आणि पिशव्यांची. टेक्सासमधील एका दुकानाने त्या शेकडा वीस सूट देऊन विकल्या, म्हणून कंपनीने माल तोडला होता. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिले की, असे करार सरसकट बेकायदा न मानता प्रत्येकाचे बरेवाईट तोलावे. कारण एका दुकानी सेवा घ्यायची आणि दुसऱ्या दुकानी स्वस्तात खरेदी करायची, असे होऊ लागले तर सेवा देणारे दुकानच उरणार नाही. म्हणजे माझ्या भाच्याची बारीक अक्षरे! ब्रायर यांनी विरोधी निकालपत्रात शंभर वर्षे चाललेला नियम मोडण्याइतका पुरावा कोठे आहे, असे विचारले. मेरीलँड राज्याने तर २००९ साली स्वतःचा कायदा करून असे करार आपल्या हद्दीत निषिद्धच ठेवले.

आपल्याकडे छापील किंमत ही वरची मर्यादा असते. तिच्याखाली विकणे हा गुन्हा नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात पुनर्विक्रीची किंमत बांधण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. विक्रेत्यांना जादा सूट देण्यास अटकाव केला म्हणून स्पर्धा आयोगाने २०२१ साली मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड ठोठावला. कंपनीने त्यावर अपील केले. सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत म्हणून २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड झाला होता. म्हणजे रबरी कडीचा वाद आपल्याला अगदीच परका नाही.

पण कायदा बाजूला ठेवू. किंमत बांधणे हे मुळात पाप आहे काय? कौटिल्याने देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा असा नफा नेमून दिला आहे, आणि एकजूट करून माल अडविणाऱ्या वा भलत्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हजार पणांचा दंड सांगितला आहे. किंमत बांधण्याला त्याची हरकत नाही. ती कोण बांधतो याला आहे. राजाने बांधलेल्या किमतीचा जाब प्रजेला विचारता येतो. कंपनीच्या बंद खोलीत बांधलेल्या किमतीचा जाब कोणी कोणाला विचारावा? देवळाच्या दारातल्या फुलकाराने अबोलीची वेणी घेतल्यावर मळेवाल्याने मागून येऊन ‘इतक्याला वीक, नाहीतर उद्या फुले नाहीत’ असे बजावले, तर आपण त्याला व्यापार म्हणू की दमदाटी?

शांतिपर्वात तुलाधार नावाच्या वाण्याची कथा आहे. जाजली हा तपस्वी, डोक्यावर पक्ष्यांनी घरटे केले तरी न हलणारा, त्याला धर्म शिकण्यासाठी या वाण्याकडे जावे लागते. तुलाधाराचे सामर्थ्य एवढेच की, त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा. मला वाटते, येथेही तराजूला दोन पारडी आहेत हे धरले पाहिजे. कंपनीला आपल्या नावाचे रक्षण करण्याचा हक्क आहे. कोणाला हमी द्यावी हे तिने ठरवावे. अज्ञान्याला दुरुस्ती करू देऊ नये, हेही मला पटते. त्यासाठी कारागिराची परीक्षा घ्या, भागांबरोबर इशारा छापा. परंतु सुरक्षिततेचे कारण सांगून किमतीचे रक्षण करणे ही भेसळ झाली. जो भाग जीव वाचवतो तो अडवून ठेवायचा, आणि तोही गिऱ्हाइकाने कोठून खरेदी केली याची शिक्षा म्हणून, हे मला कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय वाटत नाही. कडी झिजली की पाणी शिरते. यंत्र कोणाकडून घेतले हे समुद्र विचारीत नाही.

दुसऱ्या पारड्यात भाच्याचा तो एक तास. ज्ञान फुकट घेतले आणि पैसा दुसऱ्याला दिला, यात कायद्याने दोष नाही. पण दुकानदाराच्या हिशेबात तो तास कोणाच्या नावे लिहायचा? किंमत बांधून त्या तासाची भरपाई सर्व गिऱ्हाइकांकडून करून घेणे मला योग्य वाटत नाही. ज्याला काही विचारायचे नाही त्याने का भरावे? तासाचे वेगळे मोल ठेवावे आणि यंत्राचे वेगळे. आम्ही वकील सल्ल्याचे पैसे घेतोच, आणि अशील कागद कोठे छापून घेतो हे विचारीत नाही.

हेच मी त्याला लिहिले, आणि त्या दुकानात जाऊन तासाचे पैसे देऊ कर, असेही लिहिले. तो गेला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. हसला, आणि दुरुस्ती करून दिली, भागांचे व मजुरीचे दाम घेऊन. जाताना म्हणाला, गेल्या सालचे बारा जाकीट मागे पडून आहेत. निम्म्या किमतीत काढले असते, पण पत्र आले आहे.