नम्रतेपुढे टिक कशी करायची?

आजचं चिंतन गीतेच्या १६ व्या अध्यायातल्या पहिल्या ३ श्लोकांवर. इथे दैवी संपत्तीचे २६ गुण येतात. पहिला अभय, शेवटचा नातिमानिता, म्हणजे स्वतःच्या मोठेपणाचा गर्व नसणे.

आपल्यातले बरेच जण ॲपवर सवयी मोजतात. जप झाला, टिक. रागावलो नाही, टिक. मीही रोज रात्री असा हिशेब मांडतो. पण नम्रतेपुढे टिक केली, की ती तिथंच संपते!

अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १३ सद्गुणांची वही ठेवली होती. त्यात ते चुकांची नोंद करत. चूक झाली की काळा ठिपका. हे मला पटतं. ठिपका पाहून गर्व चढत नाही.

पण नुसत्या ठिपक्यांनीही माणूस कळत नाही. आमच्या येडशीत रामलिंगाला गेलं, की जटायूची कथा ऐकायला मिळते. सीतामाईसाठी तो रावणाशी लढला, पंख गमावले, हरला. यशाच्या रकान्यात त्याचा तो दिवस कोराच. तरी त्याचे अंत्यसंस्कार रामानं स्वतः केले. अभय म्हणजे दुसरं काय?

म्हणून वही ठेवाच, फक्त प्रश्न बदला. ‘आज किती जमलं?’ याऐवजी ‘अवघड वेळी मी कोणाच्या बाजूनं उभा राहिलो?’ असं विचारा. उत्तर लिहा आणि वही मिटा. कोणाला दाखवू नका. २६ वा गुण तिथूनच सुरू होतो.