एकाचा अपराध, सर्वांस दंड

एकाच्या अपराधासाठीं साऱ्या घरास दंड करणें अन्यायाचें आहे, हें कोणीही मान्य करील. तथापि आपण रोज ज्यांवर विसंबून असतों त्या वेब सर्व्हरांत हाच दंड नित्य दिला जातो. आणि आमच्या मतें तो न्याय्य आहे.

सर्व्हरकडे एकाच वेळीं शेंकडों मागण्या येतात. एक रीत अशी कीं, एका प्रोसेसनें एका वेळीं एकच मागणी हातीं घ्यावी. १९९५ सालीं निघालेला अपाची प्रथम याच रीतीनें चाले. प्रत्येक प्रोसेसची मेमरी निराळी, मध्यें भिंत. दुसरी रीत, एकाच प्रोसेसमध्यें अनेक थ्रेड राबविण्याची. २००२ सालच्या अपाचीच्या दुसऱ्या आवृत्तींत तिची सोय झाली. येथें मेमरी सामाईक, म्हणून खर्च कमी.

आतां एखाद्या थ्रेडनें आपल्या हक्काबाहेरच्या मेमरीस हात घातला, तर ऑपरेटिंग सिस्टिम सहसा संबंध प्रोसेसच संपविते; शेजारचे निरपराध थ्रेडही तिजबरोबर जातात. एकट्या अपराध्यासच कां काढूं नये? कारण त्यानें लावलेलीं कुलपें तशींच राहतील, अर्धवट लिहिलेल्या नोंदी पूर्ण समजून वाचल्या जातील, आणि सांपडण्यापूर्वीं त्यानें काय काय बिघडविलें हें कोणासही सांगतां येणार नाहीं. सामाईक कोठारांत विष नेमकें कोणत्या पोत्यांत पडलें हें ठाऊक नसल्यास सारें धान्य टाकून देण्यांत क्रौर्य नाहीं. निरपराध्यांवर कोणाचा रोष नसतो. त्यांच्याविषयीं ग्वाही देणारा कोणी उरलेला नसतो, इतकेंच. भिंतीचें मोल आम्हांस येथें दिसतें. अपराध ती थांबवीत नाहीं. शेजारी निर्दोष आहे, हें मात्र तिच्यामुळें सांगतां येतें.

पण भिंतीचाही फार अभिमान नको. २०१४ सालीं ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. त्यामुळें परक्यास एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी वाचतां येई. कोणी कोसळलें नाहीं, म्हणून कोणास दंडही झाला नाहीं! भिंतींचीं घरेंही यांतून सुटलीं नाहींत. अपाचीची प्रत्येक नवी प्रोसेस आईच्या मेमरीची प्रत घेऊन जन्मते, आणि त्या वारशांत सर्व्हरची गुप्त किल्लीही येते. बिऱ्हाडें वेगळीं झालीं खरीं, पण तिजोरीची किल्ली ज्यानें त्यानें बरोबर नेली. त्याच वर्षीं ओपनबीएसडीच्या रिलेडी या प्रोग्रॅममध्यें किल्ली एका वेगळ्या प्रोसेसकडे ठेवण्यांत आली. इतरांनीं काम पडेल तेव्हां तिजकडून सही तेवढी मागून घ्यावयाची.